रक्तातून जाणारा सांगावा



या सदरात आपण एरवी खते, बियाणे, कीड-रोग यांविषयी बोलतो. आज विषय माणसाच्या शरीराचा आहे आणि त्याला कारण झाले आहे एका भगिनीचे पत्र. त्यांच्या घरी द्राक्षबाग आहे. सुनेला थायरॉइडचा त्रास निघाला. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली आणि ती बहुधा कायमची घ्यावी लागेल असे सांगितले. बाई विचारतात, "ताप उतरला की आपण गोळी बंद करतो. मग सुनेला आता बरे वाटत असताना जन्मभर गोळी कशाला? तिची सवय लागली तर? शेजारीण म्हणते, ती हार्मोनची गोळी आहे. आम्ही द्राक्षाच्या घडाला जी.ए. देतो, तेही हार्मोनच. असली वस्तू माणसाने खावी का?"

प्रश्न रास्त आहे. शिवाय तो त्यांच्या एकट्यांच्या घरातला नाही. ज्या घरात एखादे पोर इन्शुलीनच्या सुईवर आहे त्या घरातही कोणी ना कोणी हेच विचारतो, आणि तिथे उत्तर चुकले तर पोर हातचे जाते. मी डॉक्टर नाही, शेतीचा पदवीधर आहे. कोणाला किती गोळी द्यायची हे मी सांगणार नाही. पण ही यंत्रणा चालते कशी, एवढे सांगता येईल, कारण तिचा निम्मा कारभार तुम्ही गोठ्यात रोज पाहता.

गाय पान्हावते ते आठवा. वासरू सोडले, त्याने दोन ढुशा दिल्या, किंवा तुम्ही कास धुऊन सड चोळले की मिनिटभरात कास भरून येते. दूध कासेत आधीपासूनच असते, पण बारीक बारीक पिशव्यांत अडकलेले असते. त्या पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळले गेल्याशिवाय ते सडात उतरत नाही. मग त्या स्नायूंना 'आवळा' असे सांगते कोण? सडाच्या कातडीतून खबर शिरेने मेंदूकडे जाते. मेंदूच्या तळाशी एक लहानशी ग्रंथी आहे, ती ऑक्सिटोसिन नावाचा रस रक्तात सोडते. रक्त तो रस कासेपर्यंत नेते आणि पान्हा फुटतो. म्हणजे जाताना खबर तारेने गेली आणि येताना हुकूम रक्तातून आला.

१९४१ साली अमेरिकेत इली आणि पीटरसन या दोघा शास्त्रज्ञांनी हे पडताळून पाहिले. गाईच्या अर्ध्या कासेकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या शिरा त्यांनी कापल्या. तरी दोन्ही बाजूंनी सारखाच पान्हा आला. शिरा कापूनही निरोप पोचला, म्हणजे तो रक्तातूनच आला असला पाहिजे. मग त्यांनी आणखी एक गंमत केली. धार काढायच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले आणि कानाशी कागदाच्या पिशव्या फटाफट फोडल्या. गाय बिचकली आणि दूध अडले. भीतीच्या वेळी मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलीन नावाचा दुसरा रस सुटतो, तो पहिल्या रसाचे काम अडवतो. आपण म्हणतो, गाय दूध चोरते. ती बिचारी काही चोरत नाही. तिला कोणीतरी काठी दाखवलेली असते, नाहीतर अनोळखी माणूस धारेला बसलेला असतो.

ऑक्सिटोसिनचा जोर काही मिनिटेच टिकतो. म्हणून पान्हावल्यावर पाच-सात मिनिटांत धार उरकावी हा सल्ला आपण देतो. काही लोक या रसाचे इंजेक्शन रोज टोचून दूध काढतात. तो जनावराचा छळ आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने दुभत्या जनावराला दुधासाठी असे अपायकारक टोचणे हा गुन्हा ठरवला आहे.

घरातल्या बाळंतिणीचा पान्हाही याच रसाने फुटतो. तिला दूध येत नाही म्हणून दोष देण्याआधी तिच्या उशाशी बसून कोण काय बोलते ते पाहावे. मुलगी झाली म्हणून टोचून बोलणारी माणसे आणि पाठीवरचे मांजर यांत मला तरी फरक दिसत नाही. बाळ अंगाशी द्या, पोटभर जेवू घाला, झोपू द्या. पुष्कळदा एवढ्याने काम होते.

तर हार्मोन म्हणजे असा रक्तातून धाडलेला सांगावा. शाळेच्या पुस्तकात त्याला संप्रेरक म्हणतात. लाळेच्या, घामाच्या ग्रंथींना आपापला पाट असतो, रस पाटाने ठरलेल्या जागी जातो. हार्मोन तयार करणाऱ्या ग्रंथींना पाटच नाही, त्या आपला रस थेट रक्तात सोडतात. तो अंगभर फिरतो. मग ज्याचे त्याला कसे कळते? गावात दवंडी पिटली की ती सगळ्यांच्या कानी पडते, पण पाणीपट्टी थकलेला तेवढाच चावडीकडे निघतो. तसेच इथे आहे. ज्या पेशींना त्या सांगाव्याची खूण ठाऊक आहे त्याच हलतात, बाकीच्या आपल्या कामात राहतात.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट दाखवली ती कोंबड्यांवर. १८४९ साली जर्मनीतील ग्योटिंगेन गावी बर्टोल्ड नावाच्या प्राध्यापकाने सहा कोवळ्या कोंबड्यांचे खच्चीकरण केले. ज्यांना तसेच ठेवले त्यांचे तुरे वाढले नाहीत, त्या आरवल्या नाहीत, भांडल्या नाहीत. ज्यांच्या पोटात वृषण परत नेऊन बसवला ते मात्र चांगले तुरेबाज कोंबडे झाले. वृषणाची जुनी जागा सुटली होती, जुन्या शिरा तुटल्या होत्या, तरी त्याचा हुकूम चालू होता. गोऱ्हा लहानपणी ठेचला तर त्याची मान आणि वशिंड वळूसारखे भरत नाही, हे आपल्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. त्यामागचे कारण हे. 'हार्मोन' हा शब्द त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९०५ साली, लंडनच्या स्टार्लिंग यांनी रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'जागे करणे, चालना देणे'.

आता द्राक्षाचे. जी.ए. हेही हार्मोनच, पण वनस्पतीचे. त्याचा सांगावा वेलीच्या पेशीला कळतो, माणसाच्या पेशीला कळत नाही. तेव्हा सुनेची गोळी आणि घडाची बुडवणी यांचा काही संबंध नाही. एक साम्य मात्र आहे, ते म्हणजे मात्रेचे. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम जी.ए. म्हणजे १० पीपीएम, आणि तेवढ्यात घडाचा मणी बदलतो, हे तुम्ही जाणता. चूक झाली तर काय होते तेही जाणता. माणसाच्या अंगातली मात्रा याहून कितीतरी बारीक. थायरॉइडचा मुख्य रस थायरॉक्सिन. तो सगळ्या रक्तात मिळून पाव मिलिग्रॅमच्या आसपास असतो. एका ग्रॅमच्या १०० मायक्रोग्रॅमवाल्या १० हजार गोळ्या होतील. म्हणून 'एवढीशी तर गोळी, चुकली तर काय' असे म्हणू नये आणि 'दोन घेतल्या तर लवकर गुण येईल' असेही म्हणू नये.

थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, गळ्यात घाटीच्या खाली पुढल्या बाजूला असते. वजन वीसएक ग्रॅम, आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा. अंगातली चूल किती जोरात पेटावी हे ती ठरवते. तिचा रस कमी पडला की चूल मंदावते. माणूस थकतो, थंडी सोसत नाही, कातडी कोरडी पडते, केस गळतात, पोट साफ होत नाही, आवाज घोगरा होतो, वजन चढते, बायकांच्या अंगावरून जास्त जाते, विसरायला होते. रस जास्त झाला तर उलटे. खाऊनपिऊन माणूस वाळतो, छाती धडधडते, हात थरथरतात, घाम सुटतो, कोणाचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात.

पहिली यादी पुन्हा एकदा वाचा आणि आपल्या गावातली एखादी सून आठवा. सकाळी उठवत नाही, कामात चेंगट झाली, सांगितलेले विसरते. तिला काय म्हणतात? आळशी म्हणतात, माजली म्हणतात, बाहेरचे झाले म्हणतात. बायकांत हा विकार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि बायकांनाच आळशी म्हणायची आपल्याकडे घाई असते. रक्ताच्या एका तपासणीने खरे काय ते कळते. पत्र लिहिणाऱ्या बाईंनी सुनेला बोल लावण्याऐवजी तपासायला नेले, याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटते.

त्या तपासणीच्या कागदावर 'टी.एस.एच.' असे लिहिलेले असते आणि तिथे बहुतेकांचा गोंधळ होतो. आकडा मोठा दिसला की घरचे म्हणतात, 'हिचा थायरॉइड वाढलाय.' वस्तुस्थिती बहुधा उलटी असते. टी.एस.एच. हा थायरॉइडचा रस नव्हे. मेंदूच्या तळाशी ऑक्सिटोसिन सोडणारी जी ग्रंथी सांगितली, ती पीयूषिका. हरभऱ्याच्या दाण्याएवढीच, पण गावच्या पाटलासारखी, बऱ्याच ग्रंथींवर तिचा अंमल चालतो. टी.एस.एच. हा तिने थायरॉइडला घातलेला हुकूम आहे. रक्तात थायरॉक्सिन पुरेसे असले की ती हळू बोलते. कमी पडले की आवाज चढवते. शेताच्या पल्याडच्या गड्याला आपण पहिली हाक साधी देतो, त्याने ओ दिली नाही की ओरडतो, तसे. म्हणून टी.एस.एच. वाढला याचा अर्थ बहुतेक वेळा ग्रंथी ढिली पडली आहे आणि वरून ओरडणे चालू आहे.

हा हिशोब शरीरात सतत चालतो. गच्चीवरच्या टाकीला आपण फ्लोट बसवतो, टाकी भरली की मोटर बंद, पातळी उतरली की पुन्हा चालू. बहुतेक हार्मोनांना असा फ्लोट आहे. बाहेरून गोळी दिली तरी फ्लोट ती मोजतो आणि गोळीची मात्रा बरोबर बसली की टी.एस.एच. खाली येतो. डॉक्टर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगतात ते यासाठी.

आता मूळ प्रश्न. ताप आला की ती चढाई असते, औषधाने शत्रू हटला की औषधाचे काम संपले. थायरॉइड कमी असण्यात बहुतेक वेळा बाहेरचा शत्रू नसतोच. शरीराचे स्वतःचे रक्षक बिघडतात आणि हळूहळू त्या ग्रंथीलाच खाऊन टाकतात. कुंपणानेच शेत खावे तसे. शेत गेले ते गेले. मग धान्य रोज बाहेरून आणावे लागते. थायरॉक्सिनची गोळी म्हणजे ते आणलेले धान्य. जो रस अंगात बनायला हवा होता तोच ती पुरवते. तिची सवय लागत नाही. गरज आधीपासून होतीच, गोळी ती भागवते. सुनेला आज बरे वाटते ते गोळी चालू आहे म्हणून. काही जणांचा त्रास तात्पुरता असतो, बाळंतपणानंतर कधी कधी तसा होतो आणि गोळी थांबवताही येते, पण ते डॉक्टरांनी रक्त तपासून ठरवायचे.

इथे एक फसवी गोष्ट आहे. थायरॉक्सिन रक्तात फार सावकाश संपते, निम्मे व्हायला आठवडा लागतो. त्यामुळे गोळी सोडली तरी पहिले आठ-पंधरा दिवस काहीच वाटत नाही. माणूस म्हणतो, 'बघा, गोळीशिवाय चालतेय की.' महिना-दोन महिन्यांनी पुन्हा अंग जड होते, आणि तोवर गोळी सोडल्याचे कोणाच्या ध्यानातही नसते. विहीर आटत चालली तरी बादली बुडते आहे तोवर आपल्याला कळत नाही, तसे हे.

गोळी सकाळी अनशापोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी हिच्यापासून चार तास तरी लांब ठेवावी, कारण त्या हिला पोटात अडवून धरतात. गरोदर बाईला दवाखान्यातून लोह आणि कॅल्शियम मिळतेच, म्हणून हे मुद्दाम सांगतो. दिवस गेल्यावर थायरॉइडची गोळी भीतीने बंद करणाऱ्या बायका आहेत. तेव्हा तर गरज वाढते. पोटातल्या बाळाची ग्रंथी सुरुवातीला कामाला लागलेली नसते, त्याचा मेंदू आईच्या थायरॉक्सिनवरच घडतो. दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे.

काही बाळे मुळातच ही ग्रंथी नसलेली किंवा अधू ग्रंथी असलेली जन्मतात. हजारांत एखादेच, पण त्या एकाचा सारा जन्म त्यावर असतो. दिसायला बाळ चांगले असते. शांत असते, झोपाळू असते, रडत नाही, म्हणून उलट कौतुकच होते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते इतरांसारखे वाढते, शिकते. काही महिने गेले तर बुद्धीची झालेली हानी भरून येत नाही. टाचेतून दोन थेंब रक्त घेऊन ही तपासणी होते. बाळंतपण झालेल्या दवाखान्यातून निघण्यापूर्वी ती झाली का, किंवा कुठे होईल, हे विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

या ग्रंथीला कच्चा माल लागतो तो आयोडीन. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला अडीचशे. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशोब केला तरी चार ग्रॅम भरत नाही. पण तेवढेही मिळाले नाही तर ग्रंथी फुगते, गळ्याला गलगंड येतो. डोंगराळ मुलखात पावसाने आणि पुराने जमिनीतले आयोडीन धुऊन गेलेले असते. जमिनीत नाही म्हणून पिकात नाही, पिकात नाही म्हणून माणसात नाही. जस्ताच्या कमतरतेने पाने पिवळी पडतात त्यातलाच हा प्रकार. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. आपण शेतात जसे वाफे पाडतो तसे खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनचे मीठ दिले, एकात साधे ठेवले. काही वर्षांत आयोडीनच्या दोन्ही भागांत गलगंड झपाट्याने कमी झाले. १९६२ साली सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला तो या पायावर.

तेव्हा मीठ आयोडीनचेच घ्या. जनावरांसाठी आणलेले खडेमीठ स्वयंपाकाला वापरू नका. बरणीला झाकण ठेवा, ती चुलीजवळ किंवा उन्हात नको. मीठ धुऊन घेण्याची पद्धत काही घरांत आहे, त्याने आयोडीन मोरीत जाते. जास्त मीठ खाल्ल्याने जास्त फायदा होत नाही, रक्तदाब मात्र वाढतो.

आता इन्शुलीन. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड आहे. त्याचा मोठा भाग पचनाचा रस पाटाने आतड्यात सोडतो. पण त्यात मधूनमधून लाखो बारीक बेटे आहेत, त्यांना पाट नाही. १८६९ साली बर्लिनमध्ये लांगरहान्स नावाच्या विद्यार्थ्याला ती सूक्ष्मदर्शकात दिसली, तेव्हा त्यांचे काम कोणालाच ठाऊक नव्हते. तीच इन्शुलीन बनवतात. आपण भाकरी खातो, तिची साखर होऊन रक्तात उतरते, पण पेशीचे दार इन्शुलीनच्या हुकमाशिवाय तिला नीट उघडत नाही. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साधारण चमचाभर साखर असते. इन्शुलीन नसेल तर ती साठत जाते, लघवीवाटे बाहेर पडते, आणि पेशी मात्र उपाशी राहतात. कणगी भरलेली आणि घरात चूल नाही, अशी गत.

मधुमेह दोन तऱ्हांचा असतो. मोठ्या माणसांत बहुधा इन्शुलीन असते, पण पेशी त्याचे ऐकत नाहीत. त्यावर आहार, कष्ट, गोळ्या, पुढे लागले तर सुई. दुसरा बहुधा लहान-तरुण पोरांत होतो. त्यात कुंपणाने शेत खाल्लेले असते, बेटे मेलेली असतात, इन्शुलीन जवळपास शून्य असते. पोर सारखे पाणी पिते, सारखे लघवीला जाते, मोठे असून अंथरूण ओले करू लागते, खाऊनही वाळते. मग उलट्या, पोटदुखी, खोल खोल श्वास, तोंडाला फळासारखा वास आणि शेवटी बेशुद्धी. या टप्प्यावर भगताकडे नेण्यात गेलेला एक एक तास महाग पडतो. साखर तपासण्याची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात असते, बोटातल्या थेंबाने मिनिटात कळते.

शंभर वर्षांपूर्वी अशा पोरांना उपाय नव्हता. उपाशी ठेवून काही महिने जगवत. कॅनडातील टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत १९२१ साली कुत्र्याच्या स्वादुपिंडातून हा रस मिळवला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉमसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली. त्याचे वजन अवघे तीसएक किलो उरले होते. औषध अशुद्ध होते, गुण आला नाही. कॉलिप या चौथ्याने ते शुद्ध केले, २३ तारखेला पुन्हा दिले, आणि साखर उतरली. तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. शोध लावणाऱ्यांनी त्याचे हक्क नाममात्र एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. पुष्कळ वर्षे इन्शुलीन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ पासून मानवी इन्शुलीन जिवाणूंकडून बनवून घेता येऊ लागले, आणि आज मिळते ते बहुतेक असेच जिवाणू किंवा यीस्टकडून तयार झालेले असते. ज्या वारकरी घरांना ही शंका येते त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिले.

थायरॉक्सिन आठवडाभर टिकते, इन्शुलीन रक्तात काही मिनिटेच. सुईचे औषध कातडीखालून सावकाश झिरपते म्हणून काही तास पुरते, एवढेच. ज्या पोराची बेटे मेली आहेत त्याची सुई बंद केली तर दोन-चार दिवसांतही जिवावर बेतते. पोर आजारी आहे, जेवत नाही, म्हणून सुई पूर्ण टाळू नये, डॉक्टरांना फोन करून मात्रा विचारावी. 'अमक्या पाल्याने साखर गेली, आता सुई सोडा' असे सांगणारा माणूस कितीही देवमाणूस असो, त्याला दारातूनच रामराम घाला.

तिसरी गोळी स्टेरॉइडची. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनलीनखेरीज आणखी एक रस करतात, कॉर्टिसोल. अंगावर संकट आले, आजार आला, की शरीर त्याच्या आधारावर तग धरते. त्याच जातीच्या गोळ्या दम्याला, संधिवाताला डॉक्टर मोजून देतात आणि त्या फार उपयोगी आहेत. घात होतो तो गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांनी. पुडी घेतली की दोन दिवसांत म्हातारा चालायला लागतो. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. महिनोन्‌महिने ती पोटात गेली की फ्लोट काय समजतो? टाकी भरलेली आहे. मग तो ग्रंथीची मोटर बंद करतो आणि ग्रंथी निजते. तोंड गोल होते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि एक दिवस पुडी संपली, तर अंगात स्वतःचा रसही नाही. उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरतो, माणूस कोसळतो. म्हणून अशी पुडी सुरू करू नका. पण कोणी बरेच दिवस घेतच असेल तर ती एकदम फेकूनही देऊ नका. पुडीसकट डॉक्टरांकडे जा, ते मात्रा पायरीपायरीने उतरवतील.

मुलगी न्हाती-धुती होते, मुलाचा आवाज फुटतो, चाळिशी-पन्नाशीत बाईची पाळी जाते आणि तिला एकदम घाम सुटतो, चिडचिड होते, हा सगळा याच सांगाव्यांचा खेळ आहे. त्यावर वेगळे लिहावे लागेल. तूर्त एवढेच की पाळी गेलेल्या बाईची चिडचिड हा तिचा स्वभाव समजू नका.

सुगीच्या तोंडावर इन्शुलीन घेणाऱ्यांना एक सांगायचे आहे. कापणीसारखे अंगमेहनतीचे काम साखर झपाट्याने उतरवते. घाम फुटला, हात कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ती साखर उतरल्याची खूण. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, नसेल तर गुळाचा खडा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या, मग भाकरी खाऊ घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. गाडी काढा आणि दवाखाना गाठा. शेतात जाताना कनवटीला गूळ-साखर असावी आणि बरोबरच्या एकाला तरी आजाराची कल्पना असावी.

इन्शुलीनच्या न उघडलेल्या कुप्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात, बर्फाच्या कप्प्यात नकोत. वापरात असलेली कुपी गारव्याला साधारण चार आठवडे चांगली राहते. फ्रिज नसेल, किंवा भारनियमनाने असून नसल्यासारखा असेल, तर माठ आहे. एका मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवा, मधल्या जागेत वाळू भरा आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवा. कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, वर ओले फडके टाका आणि मडके सावलीत वाऱ्याला ठेवा. पाण्यात कुपी बुडवू नये. मोटरसायकलच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या सीटखाली उन्हात ती एक दुपार राहिली तर औषध उतरते. एकदा गोठलेली कुपी वितळवून वापरू नका. नितळ असायला हवे ते इन्शुलीन गढूळ झाले, किंवा ढवळून वापरायच्या इन्शुलीनमध्ये गुठळ्या दिसल्या, तर ती कुपी बाजूला ठेवून नवी आणा.